मामांची गिरणी, अर्धा र आणि पास्कल

(या भागातलं बोलणं थोडं साफसूफ करून लिहून काढलंय. मध्ये दोनदा लाइट गेली होती, तेवढं गाळलंय.)

आजचा विषय म्हणजे घरगुती, हौसेच्या डेस्कटॉप प्रोजेक्टसाठी फारशी कुणी न वापरणारी प्रोग्रॅमिंग भाषा निवडावी का. मी निवडली. भाषेचं नाव फ्री पास्कल आणि तिच्यासोबतचं अवजार लाझारस. नाव ऐकून निम्मे लोक म्हणतात, पास्कल अजून जिवंत आहे? उरलेले निम्मे म्हणतात, ते काय असतं?

हे मी प्रोसेसर आणि बेंचमार्कपासून सुरू करणार नाही. सुरुवात होते वेल्हे तालुक्यातल्या एका भाताच्या गिरणीत. कागदोपत्री आता तो राजगड तालुका झालाय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच. आमचं घर भोरला. मामांची गिरणी तिकडे, विंझरच्या पुढे. भोरहून निघायचं, कापूरहोळला हायवेला लागायचं, चेलाडी फाट्याला आत वळायचं, नसरापूर, मार्गासनी, विंझर. समोर तोरणा दिसायला लागला की आलं समजायचं.

गिरणीचा खरा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. इंद्रायणी, थोडा आंबेमोहोर. शेतकरी भाताची पोती आणतो, काट्यावर वजन होतं, भरडून तांदूळ वेगळा, कणी वेगळी, कोंडा वेगळा. शंभर किलो भाताला साठ-पासष्ट किलो तांदूळ उतरला तर माणूस खूश. भरडाईचे पैसे काही जण रोख देतात, बरेच जण "मांडून ठेवा" म्हणतात. तर ती मांडून ठेवलेली उधारी २००३ सालापासून एका कॉम्प्युटरमध्ये होती. प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला. त्या काळात पतसंस्था, दूध डेअऱ्या, खताची दुकानं, जिथे जाल तिथे फॉक्सप्रो किंवा व्हीबी. पुण्यातला एक जण एकटाच लिहायचा, फ्लॉपीवर आणून बसवून द्यायचा आणि वर्षाला येऊन जायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी गिरणीत बसलो होतो आणि त्या पेटीतून कट्-कट्-कट् असा आवाज यायला लागला. ज्यांनी हार्डडिस्क मरताना ऐकलीये त्यांना हा आवाज माहीत आहे. मामा म्हणाले, "भाचे, उंदीर गेलाय का आत?" म्हटलं, मामा, उंदीर असता तर बरं झालं असतं.

डिस्क बदलली, फायली वाचल्या. पण प्रोग्रॅम उघडेना. लिहिणाऱ्याने तो जुन्या डिस्कच्या नंबरला बांधून ठेवला होता, म्हणजे कुणी फुकट कॉपी करू नये. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं बहुतेक. त्याचा फोन लागत नव्हता. सोर्स कोड मामांकडे नव्हता, कधी मागितलाच नव्हता. आणि मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ सालीच काढली आणि २०१५ च्या जानेवारीत आधार पूर्ण बंद केला. वीस वर्षांची उधारी डोळ्यासमोर, फायलीत पडलेली, आणि दार बंद.

मी म्हटलं, मी लिहून देतो. दोन शनिवार-रविवारात. (हसू नका. सगळेच असं म्हणतात.)

आता भाषा कुठली? ऑफिसात मी जावा आणि टाइपस्क्रिप्ट लिहितो. सरळ हात तिकडेच जातो, की इलेक्ट्रॉन घ्यायचं, एक वेब पान बनवायचं, त्याला खिडकी लावायची. पण गिरणीतली पेटी म्हणजे ३२ बिट विंडोज ७, रॅम २ जीबी. मामा डिस्क बदलायला तयार झाले हेच खूप होतं. "चालतंय ते कशाला बदलायचं" या वाक्यापुढे इंजिनिअरिंगचं चालत नाही.

आणि त्या पेटीसमोर एकेक नव्या जमान्याची भाषा गळायला लागली. इलेक्ट्रॉनने विंडोज ७ सोडलं २०२३ च्या सुरुवातीला. गोने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. रस्टने २०२४ मध्ये. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची. जुन्या आवृत्त्या घेता येतात, मान्य. पण नवं काम सुरू करतानाच जुन्या आवृत्तीला खुंटा मारायचा म्हणजे फॉक्सप्रोवाल्याचीच चूक मी परत करणार.

शिवाय पाऊस. वेल्ह्याच्या बाजूला जूनमध्ये जो सुरू होतो तो गणपतीपर्यंत थांबत नाही. लाइट जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग रेंज जाते. तिथे बसून काही दुरुस्त करायचं म्हटलं आणि अवजार म्हणालं की थांब, आधी चारशे पॅकेजेस उतरवतो, तर संपलंच. मला असं काहीतरी हवं होतं की जे पुण्यात एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि नंतर इंटरनेटचं तोंड बघायचं नाही.

मी आधी निम वापरून पाहिली. निम मला फार आवडते, आजही. पायथनसारखी दिसते, मागून सी होते, छोटीशी फाइल बनते. जुन्या फायली वाचायचं कच्चं काम मी एका रात्रीत निममध्ये केलं. पण खिडकी, तक्ता, तारखेचा डबा, छपाई असलं सगळं हवं म्हटल्यावर ज्या लायब्ऱ्या मिळाल्या त्या एकेका माणसाच्या हौसेवर चाललेल्या. माझी हौस त्याच्या हौसेवर उभी करायची, आणि मामांची उधारी माझ्या हौसेवर. तीन मजले झाले. (गंमत म्हणजे निमचा पहिला कंपायलर फ्री पास्कलमध्येच लिहिलेला होता. हे मला खूप नंतर कळलं.)

मग टीसीएल-टीके. जुनं, भक्कम, १९९१ पासूनचं. माझा लॅपटॉप लिनक्सचा. त्यावर एक खिडकी काढली, बटणावर "वेल्हे" लिहिलं. आणि ते दिसलं "वेल्‌हे". पाय मोडलेलं. लिनक्सवरच्या टीके ८.६ मध्ये अक्षरं जोडायची सोयच नीट नाही. इथे मला पहिल्यांदा समजलं की मी भाषा निवडत नाहीये, मी जोडाक्षर निवडतोय. म्हणून आता माझी चाचणी एकच. कुठलीही नवी भाषा आणि तिची खिडक्यांची लायब्ररी घ्या, "वेल्हे" लिहा. नीट दिसलं तर पुढे बोलू. झिग आणि ओडिनवाल्या पोरांना आवडणारी डिअर आयएमजीयूआय आहे ना, देखणी, वेगवान, तीही या चाचणीत पडते. ती अक्षरं एकापुढे एक ठेवते, जोडत नाही. इंग्रजी माणसाला हा प्रश्नच पडत नाही, त्यामुळे कुठल्याही "टॉप टेन" व्हिडिओत हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही.

"वेल्हे" हा शब्द तसा फार शिकवणारा आहे. डोळ्याला अक्षरं दिसतात दोन. युनिकोडच्या हिशेबाने आहेत सहा: व, एकार, ल, हलन्त, ह, एकार. आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन, म्हणजे अठरा बाइट. लाझारसमध्ये साधं लेंग्थ विचारलं तर १८ सांगतो, यूटीएफ-८ लेंग्थ विचारलं तर ६ सांगतो, आणि मामांना विचारलं तर २. तिघेही बरोबर.

तर लाझारस. थोडा इतिहास, पटकन. पास्कल ही निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास केली, विद्यार्थ्यांना नीट प्रोग्रॅम लिहायला शिकवायला. विर्थ २०२४ च्या एक जानेवारीला गेले. मग बोरलँडने टर्बो पास्कल आणलं आणि १९९५ मध्ये डेल्फी. खिडकीवर बटण ओढून टाका, त्यावर दोनदा क्लिक करा, कोड लिहा. पहिलं स्काइप विंडोजवर डेल्फीतच होतं. डेल्फी विकत घ्यावं लागायचं. फुकट कंपायलर मात्र डेल्फीच्या आधीच, १९९३ मध्ये, सुरू झाला होता, तो फ्री पास्कल. त्याला डेल्फीसारखी खिडकी देण्याचा एक प्रयत्न झाला, मेगिडो नावाचा. तो बारगळला. १९९९ मध्ये परत सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं लाझारस, बायबलमधला मेलेला माणूस जो उठून उभा राहतो. पहिली १.० आवृत्ती यायला २०१२ उजाडलं. तेरा वर्षं! आपण दोन शनिवार-रविवार म्हणतो.

लाझारसने माझी चाचणी सहज पास केली, कारण तो स्वतः अक्षरं काढतच नाही. विंडोजवर विंडोजच्याच खिडक्या वापरतो, लिनक्सवर जीटीके किंवा क्यूटी. अक्षरं जोडायचं काम त्यांच्यावर सोडतो. अख्खं अवजार दोनेकशे एमबीत, पेनड्राइव्हवर मावलं. ३२ बिट विंडोज ७ वर नुसता बनवलेला प्रोग्रॅम नाही, अख्खा लाझारस उघडतो. म्हणजे गिरणीतच बसून, त्याच पेटीवर, दुरुस्ती. आणि बनते ती एकच फाइल. पहिल्यांदा ती वीस-पंचवीस एमबीची दिसून मी घाबरलो होतो. ती चुका शोधायची जादा माहिती असते. ती काढून टाकली की काही एमबी उरतात.

पण खरं सांगायचं तर मी हरलो ते एका वेगळ्याच गोष्टीला. लाझारसच्या पट्टीवर टीडीबीएफ नावाचा एक घटक आहे. तो खिडकीवर टाकला, जुन्या डीबीएफ फाइलचं नाव दिलं, आणि मामांची २००३ सालची उधारी तक्त्यात दिसायला लागली. कोडची एक ओळ नाही. मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि ऑफिसात म्हणालाच, की हे सगळं सी-शार्पमध्ये झालं असतं. विंडोज ७ वर डॉटनेट चालतं, सी-शार्प येणारी पोरं पुण्यात खडा मारला तरी सापडतील. बरोबर आहे. निव्वळ मामांच्या सोयीने बघितलं तर ते जास्त शहाणपणाचं होतं. मी ते केलं नाही याची दोन कारणं. एक म्हणजे माझा लॅपटॉप लिनक्सचा आणि मला तिथेच बसून लिहायचं होतं. दुसरं म्हणजे मला मजा हवी होती. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांचे तिकीट बंद करायचे आणि शनिवारी परत तसलंच? बारावीला टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर पहिल्यांदा काहीतरी स्वतः केल्याचा जो आनंद होता, तो मला लाझारसमध्ये परत मिळाला. बिगीन-एंड लिहायचं, सगळी व्हेरिएबल वर मांडून ठेवायची, जसं स्वयंपाकाआधी ओट्यावर साहित्य काढून ठेवतात. लोक याला बोजड म्हणतात. मला ते आवडतं. हौस हे कारण कमी दर्जाचं आहे असं मला वाटत नाही, फक्त ते लपवून त्याला तांत्रिक कारणाचा सदरा घालू नये.

एक तांत्रिक सुख मात्र सांगतोच. पास्कलमध्ये पैशासाठी करन्सी नावाचा वेगळा प्रकार आहे. आतून तो पूर्णांक असतो, दहा हजाराने गुणलेला, त्यामुळे चार दशांशांपर्यंत हिशेब पक्का. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर ०.३ च्या मागे कुठेतरी शेपूट लागतं ना, ते इथे नाही. उधारीच्या वहीत शेपूट चालत नाही.

आता जुनी नावं. तक्त्यात उधारी दिसली खरी, पण नावांच्या जागी सगळा कचरा. कारण २००३ मध्ये युनिकोड नव्हतं वापरात, फॉन्ट होते. फॉन्टमध्ये अक्षराचा उच्चार नाही, चित्र साठवलेलं असतं, आणि तेही डोळ्याला दिसतं त्या क्रमाने. "शिर्के" घ्या. आपल्याकडे भरपूर शिर्के. डोळ्याला आधी काय दिसतं? पहिली वेलांटी. मग श. मग क, मात्रा, आणि डोक्यावर रफार. फॉन्टमध्ये तसंच साठवलंय. युनिकोडला हवं बोलण्याच्या क्रमाने: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. म्हणजे वेलांटी एक घर मागे न्यायची, रफार उचलून क च्या आधी आणून ठेवायचा. आणि जोडाक्षर असलं तर एक घर नाही, पूर्ण जोडाक्षर ओलांडायचं. यात माझे दोन नाही, अकरा शनिवार गेले. शेवटी सगळी नावं छापून काढली आणि मामा, मामी आणि मामेबहीण ओसरीवर बसून एकेक वाचत होते. मामांना माणसं माहीत. "हा नाही, याचा बाप. हा आता पिंपरीला असतो." प्रोग्रॅमपेक्षा ती यादी वाचायलाच जास्त मजा आली.

त्यात एक गोष्ट सापडली. डीबीएफमध्ये नोंद खोडली तरी लगेच जात नाही. त्या ओळीच्या पहिल्या बाइटमध्ये एक फुली, म्हणजे तारा, ठेवला जातो, आणि फाइल पॅक करेपर्यंत ती ओळ तिथेच असते. मी उत्सुकतेने त्या खोडलेल्या ओळी बघितल्या. बऱ्याच चुकून केलेल्या नोंदी होत्या. पण काही मोठ्या उधाऱ्या होत्या, न भरलेल्या. मामांना विचारलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ती माणसं गेली रे. पोरांकडून काय मागायचं?" त्या ओळी मी नव्या फाइलीत घेतल्या नाहीत.

मागच्या वर्षी दिवाळीला प्रोग्रॅम बसला. मामा खूश. मी गावभर शहाणा. आणि जानेवारीत ते झालं ज्यासाठी खरं तर आज बोलायला बसलोय.

एक म्हातारे बाबा आहेत, पलीकडच्या वस्तीवरचे. आडनाव सांगत नाही, पण त्यात आपला तो कोयतीसारखा अर्धा र आहे, गोऱ्हे, कुऱ्हाडे यात असतो तसला. ते भात घेऊन आले. मामांनी पडद्यावर बघून सांगितलं, आबा, मागचे १,८४० आहेत. आबा म्हणाले, दिवाळीला दिले की दोन हजार. मामा म्हणाले, इथं तर दिसत नाहीत. आबा म्हणाले, नीट बघ. मामांनी परत नाव टाकून बघितलं. नाहीत. गिरणीत सहा-सात माणसं उभी. आबांनी एक शब्द न बोलता बंडीतून पैसे काढले, मोजले, १,८४० परत दिले आणि गेले.

चार दिवसांनी मामेबहिणीने यादी छापली तेव्हा तिला एकाखाली एक तेच नाव दोनदा दिसलं. एकात १,८४० येणे, दुसऱ्यात २,००० जमा.

काय झालं होतं? तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. दुसरा, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही अगदी सारखे. माझ्या रूपांतराच्या कोडने पहिल्या प्रकारे लिहिलं होतं. विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून गिरणीतल्या पोराने नाव टाकलं ते दुसऱ्या प्रकारे. त्यामुळे शोधल्यावर जुनं खातं सापडलं नाही, पोराला वाटलं नवीन गिऱ्हाईक, त्याने नवं खातं उघडलं. दिवाळीचे दोन हजार तिथे गेले. आणि मामांनी शोधलं ते यादीतून आधीच्या नावावर टिचकी मारून.

शनिवारी मी गेलो. मामा आणि मी बाइकवर आबांच्या वस्तीवर गेलो. पैसे परत दिले. मी समजावून सांगायला लागलो की मशीनमध्ये नाव दोन प्रकारे... आबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता मामांना म्हणाले, "मशीन चुकलं असंल. पण बोलला तर तूच ना?" मामांनी मान खाली घातली. चहा झाला. येताना मामा बाइकवर मागून एवढंच म्हणाले, "वहीत असं झालं नसतं." आणि ते खरं आहे. वहीत त्या माणसाचं एक पान असतं, आणि ते पान उघडणाऱ्याला तो माणूस माहीत असतो.

दुरुस्ती तशी दहा ओळींची. नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही प्रकार एकाच प्रकारात बदलायचे, आणि उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची. गिरणीतच बसून, त्याच पेटीवर, रेंज नसताना, पेनड्राइव्हवरच्या लाझारसने अर्ध्या तासात केली. शिवाय नवं खातं उघडताना आता तो आधी मिळतीजुळती नावं दाखवतो आणि विचारतो, यातलंच कुणी नाही ना?

मी स्वतःला नंतर विचारलं, पायथन घेतली असती तर हे टळलं असतं का? भाषेमुळे नसतं टळलं. युनिकोडचं जे प्रमाण नॉर्मलायझेशन आहे, सगळ्या मोठ्या भाषांत मिळतं, त्यानेही हे दोन र एक होत नाहीत. मी करून बघितलं. पण माणसांमुळे टळलं असतं कदाचित. मोठ्या भाषेत भारतीय लिपीशी झगडलेले हजारो लोक आहेत, कुणीतरी आधीच ठेच खाऊन लिहून ठेवलेलं असतं. पास्कलची मदत करणारी मंडळी फार चांगली आहेत, खूप धीराने उत्तर देतात, पण ती बहुतेक युरोपातली. त्यांच्या भाषेत अर्धा र नाही. तिथे पहिली ठेच माझीच. छोटी भाषा निवडताना लोक "नोकरी मिळेल का" विचारतात. हौसेच्या कामात तो प्रश्न गैरलागू आहे. मी आता विचारतो की माझ्या आधी या वाटेने कुणी गेलंय का, आणि नसेल तर ठेच कुणाला लागणार आहे, मला की आबांना?

आणि यातूनच फॉक्सप्रोवाल्याची आठवण येते. उद्या मी परदेशी गेलो, किंवा कंटाळलो, किंवा काही झालं, तर मामा परत तिथेच. म्हणून त्या घटनेनंतर मी काही गोष्टी बदलल्या. उधारी आता एसक्यूलाइट फाइलीत आहे. ती कुठल्याही भाषेतून उघडते, आणि ती करणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळू असं जाहीर सांगितलंय. दर रविवारी प्रोग्रॅम आपोआप सगळी खाती साध्या सीएसव्हीत काढतो, जी कुणीही एक्सेलमध्ये उघडेल. कुलूप कसलंही नाही. अख्खा सोर्स कोड आणि लाझारसचं इन्स्टॉलर दोन पेनड्राइव्हवर, एक गिरणीच्या लोखंडी कपाटात, एक आमच्याकडे भोरला. प्रोग्रॅमची भाषा दुर्मिळ असली तर एक वेळ चालेल, कारण प्रोग्रॅम परत लिहिता येतो. माणसांची नावं आणि पैसे दुर्मिळ साच्यात ठेवू नका. उलटं केलेलं मी जास्त बघतो. लोक भाषा एकदम चालू, बाजारातली घेतात आणि डेटा स्वतःच्याच कसल्यातरी फायलीत कोंबतात.

आणि एक नको असलेला, म्हणजे मी न ठरवलेला फायदा झाला. मामेबहीण बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. मी नसताना तिने पेनड्राइव्ह लावला, लाझारस उघडला आणि पावतीवर "कणी" च्या खाली "कोंडा" अशी एक ओळ वाढवली. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "वर कणीचं लिहिलेलं होतं, तसंच खाली लिहिलं, आणि ते हिरवं बटण दाबलं." विर्थ यांनी शिकवायला केलेली भाषा, ती पन्नास वर्षांनी विंझरच्या पुढे एका पोरीने न शिकता वाचली. माझा टाइपस्क्रिप्टचा कोड तिने असा वाचला असता असं मला वाटत नाही. अर्थात तिने बदल करण्याआधी कॉपी ठेवली नव्हती. त्यावरून आमचं भांडण झालं.

ज्यांना लाझारसमध्ये बनलेलं काही आधी वापरून बघायचंय त्यांनी डबल कमांडर किंवा पीझिप उतरवून बघा, दोन्ही फुकट आहेत. माझा कोड मागू नका, त्यात गावची नावं आहेत. रूपांतराचा भाग वेगळा करून देईन, तो वेलांटी आणि रफारवाला, कारण जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या अशा फायली भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, कुठेही असतील.

एक काम अजून राहिलंय. गिरणीतला प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे. त्याला स्वतःचं मराठी येत नाही, त्यामुळे अक्षरं चित्र म्हणून पाठवावी लागतात आणि एक पावती निघायला वीसेक सेकंद लागतात. हंगामात दारात पंधरा माणसं उभी असतात. त्यामुळे मामा पावती हातानेच लिहितात, कार्बन घालून, आणि संध्याकाळी मामेबहीण ती मशीनमध्ये भरते. परवा आबा आले होते. मामांनी पावती लिहिली, आबांनी ती हातात घेऊन नाव वाचलं, घडी केली आणि बंडीत ठेवली.